ळ नसलेल्या चिठ्ठ्या

मावशीने काना दाबला आणि पडद्यावर क उमटला.

तव्याला लागल्यासारखं तिने बोट मागे घेतलं. मग धीर करून स दाबला. त आला. व दाबला, तर द. कडेवरच्या पोराने आधी पडद्याकडे पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे. मावशीने त्याला उगाचच या कडेवरून त्या कडेवर घेतलं.

"हे बिघडलंय," ती म्हणाली.

"बिघडलं नाही, मावशी. बटणांच्या जागा बदलल्यात." रेडिओवाला स्टुलावर बसून चहा फुंकत होता. "डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. आता सगळीकडे हाच क्रम चालतो. एकदा हातात बसला की सोपा आहे."

"आणि बसेपर्यंत?"

"बसेपर्यंत उभं राहायचं."

एरवी त्याच्या असल्या बोलण्यावर मावशी खुदकन हसायची. आज हसली नाही.

त्याला सगळे रेडिओवाला म्हणत. रेडिओ घेऊन त्याच्याकडे कोणी जाऊन जमाना झाला होता, पण नाव चिकटलं ते चिकटलं. कॉम्प्युटरही तो रेडिओसारखाच दुरुस्त करी: आधी पेटीला कान लावायचा, मग बोटाच्या पेराने टकटक करायची, आणि मग रोग्याच्या नातेवाइकांशी बोलावं तशा आवाजात बोलायचं. पाळणाघरातली पेटी फार जुनी होती. मूळची पांढरी, आता म्हाताऱ्याच्या दातासारखी पिवळी. तिचा पंखा असा घरघरायचा की कोपऱ्यातल्या पाळण्यातलं एक पोर त्या आवाजावरच झोपायचं.

"आजोबा झालेत हे," त्याने बाईंना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "यांना जड जेवण आता सोसायचं नाही. पचेल असं हलकं काहीतरी द्यायला हवं."

बाई म्हणजे पाळणाघराच्या मालकीण. निमित्त झालं होतं प्रिंटरचं. जुना प्रिंटर कागद चावून चावून एकदाचा गेला. बाईंनी नवा आणला, तर तो कॉम्प्युटरमधल्या जुन्या सिस्टीमशी बोलायलाच तयार होईना. ती सिस्टीम बनवणाऱ्यांनीही तिच्यावरचा हात केव्हाच काढून घेतला होता. म्हणजे सिस्टीम बदलणं आलं. नवा कॉम्प्युटर घ्यायचं बाईंच्या मनात नव्हतं, गळकं छप्पर त्याच्या आधी रांगेत होतं. मग रेडिओवाल्याने एका पेन ड्राइव्हवर तीन सिस्टीम आणून दिल्या.

"आधी वापरून बघा," तो म्हणाला होता. "पेन ड्राइव्हवरून चालते तोवर ती पाहुणी. तुमचं सामान हलवत नाही, भिंतीला खिळा मारत नाही. पसंत पडली तर बिऱ्हाड करू द्यायचं, नाही तर पेन ड्राइव्ह काढला की चालती झाली."

पहिली होती ती सगळ्यांकडे असते तशी. तिने आजोबांना असं दमवलं, की ती सुरू होईपर्यंत मुलांचं दूध पिऊन, तोंड पुसून, ढेकर काढून झालं. मावशीने तिचं नाव ठेवलं जाडी. दुसरी आणि तिसरी लिनक्सच्या घराण्यातल्या, चुलत बहिणी. दुसरीने अंगावर जुन्या सिस्टीमचे कपडे चढवले होते, तोच निळा पडदा, डाव्या कोपऱ्यात तेच बटण. रेडिओवाल्याने खटपट करून तिच्या पोटात मावशीचा जुना टायपिंगचा प्रोग्रामही बसवून दिला होता. ती जुनी. तिसरी राखाडी, अंगावर दागिना म्हणून नाही, पण बटण दाबायचा अवकाश की हजर. ती किडकिडी. मावशीची बोटं या क्षणी अडकली होती ती हिच्यात.

"मला विचाराल तर हीच घ्या," रेडिओवाला म्हणाला. "आजोबांना मानवेल. जुनी चालते, नाही असं नाही, पण तुमचा तो प्रोग्राम उसन्या पायांवर उभा आहे. मधेच बसकण मारेल."

"पण तिथे माझी अक्षरं जागच्या जागी आहेत."

"ते आहे," तो म्हणाला आणि चहाचा तळ ओठाला लावला.

बाई आतून हात पुसत आल्या. त्यांनी पडद्यावरचं कतद वाचलं आणि मावशीच्या कडेवरचं पोर आपल्याकडे घेतलं.

"शनिवारी हे मिटवून टाकू या," त्या म्हणाल्या. "यातली कुठली जमली तर उत्तम. नाही तर माझी सून म्हणते तेही काही वाईट नाही. फोनवर खुणा करायच्या. जेवलं, झोपलं, शी केली. आईबापांना तिथल्या तिथे कळतं. ती बसल्या बसल्या करून टाकेल. तुम्हालाही तेवढाच आराम."

मावशीने मान हलवली. आराम हा शब्द तिच्या ओळखीचा होता. दूध तापवायला येणाऱ्या आजींना असाच आराम मिळाला होता. आधी दुपारचा मिळाला, मग एक दिवसाआडचा, आणि मग त्या यायच्याच बंद झाल्या.

मावशी या पाळणाघरात आली ती दुपटी धुवायला. तेव्हा तिला फक्त सही यायची, तीही एका दमात काढली तर. मधे कोणी हाक मारली की पुढचं वळण कुठल्या बाजूला ते विसरायची. पन्नाशी उलटल्यावर एका दुपारी बाईंचे डोळे दुखत होते म्हणून त्यांनी तिला कॉम्प्युटरसमोर बसवलं. "मी सांगते, तुम्ही दाबा." बटणांवर बाईंनी अक्षरांच्या चिकटपट्ट्या लावल्या होत्या. मावशी दाबत गेली. असं करत करत एक दिवस बाई सांगायच्या थांबल्या आणि ही दाबतच राहिली.

त्यामुळे लोकांना येतात तशी अक्षरं तिला आलीच नाहीत. लोकांच्या अक्षरांना आकार असतो, मावशीच्या अक्षरांना पत्ता होता. क मधल्या ओळीत, डाव्या हाताच्या मधल्या बोटाखाली. म त्याच्या डोक्यावर. काना उजव्या हाताला, क च्या समोरासमोर. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दाबायची, मागाहून नाही. दिवे गेले तरी माणूस आपल्या घरात वावरतो तशी ती या बटणांवर वावरायची. हातात पेन दिलं, की मात्र घर नाहीसं व्हायचं. अक्षर वाचता येई, काढता येत नसे. हे बाईंना ठाऊक नव्हतं, कोणालाच नव्हतं. जी बाई रोज संध्याकाळी प्रत्येक मुलाच्या घरी छापील चिठ्ठी पाठवते तिला पेनने चार ओळी लिहिता येत नाहीत, हे कोणाच्या डोक्यात येणार? आता पत्ते बदलले तर ती पुन्हा दुपटी धुणारी होणार होती, तीही म्हातारी.

आणि त्या घरात एक खोली मुळातच नव्हती. ळ ची.

टायपिंगचा प्रोग्राम भलत्याच कोणा भाषेवाल्यांनी बनवलेला असावा. ळ त्यात होता की नव्हता कोण जाणे, मावशीला तो कधी सापडला नाही. पहिल्या वर्षी विचारायची लाज वाटली. बाई म्हणाल्या होत्या, "सगळी अक्षरं आहेत यात." म्हणजे आपणच एक विसरलो, असं तिने धरलं. त्याच्या जागी तिने ल घालून पाहिला. तेव्हा एका मुलाच्या बापाने चिठ्ठी वाचून हसत विचारलं, "मावशी, बाल खेलले? यांच्यात राहून तुम्हीही बोबडं बोलायला लागलात की काय?" त्याच्या मनात काही नव्हतं, पण मावशीला घाम फुटला. मग जागा मोकळी सोडून तिने पेनने ळ काढून पाहिला. तो असा आला की दोन गोगलगाई एकमेकींच्या अंगावर पडल्यात. त्यानंतर तिने ळ सोडला, आणि ज्या ज्या शब्दात तो असेल तो शब्दही.

पाळणाघरात हे सोपं नाही. पाळणाघर हा शब्दच तिला लिहिता यायचा नाही. नशीब, तो बाईंनी कागदांच्या माथ्यावर आधीच छापून आणला होता. बाळ म्हटलं की ळ आला. सकाळ, वेळ, डोळे, खेळ, काळजी, जिकडे बघावं तिकडे तो पाय पसरून बसलेला. मग बाळाचं लेकरू झालं, खेळण्याचं बागडणं झालं, डोळ्यांचे नेत्र झाले. काळजी नसावीच्या जागी चिंता नसावी आली. एका मुलीने केळं खाल्लं त्या दिवशी तर मावशीची अर्धी दुपार गेली. केळं लिहिता येईना, फळ लिहिता येईना, निदान पिवळं काहीतरी म्हणावं तर तेही नाही. शेवटी तिने लिहिलं, 'लेकराने आज मऊ, गोड असे काही खाल्ले.' त्या मुलीच्या आईने ती चिठ्ठी कौतुकाने फ्रीजवर लावून ठेवली.

हळूहळू लोक म्हणायला लागले, मावशींची भाषा काय गोड आहे, अगदी जुन्या वळणाची. बाई आल्यागेल्याला चिठ्ठ्या वाचून दाखवायच्या. 'लेकराचे नेत्र किंचित लाल आहेत. चिंता नसावी.' मावशी पाळण्याची दोरी ओढत खाली बघायची. एवढं कौतुक झाल्यावर कोणाला जाऊन विचारणार, की ळ कुठे असतो म्हणून?

शुक्रवारी ती रेडिओवाल्याला म्हणाली, "जुनीच बसवा."

"बघा हं. बसकण मारेल म्हणून सांगितलंय मी."

"बसकण मीही मारते. आम्ही दोघी एकमेकींना धरून उठू."

तो हसला, उद्या येऊन कायमची बसवतो म्हणाला आणि गेला. तोवर जुनी पाहुणी म्हणून चालूच होती. नवा प्रिंटर तिच्याशी बोलत होता. मावशीने त्या दुपारी किती तरी दिवसांनी चिठ्ठ्या छापल्या. बोटं आपापल्या वाटेने चालली होती, आणि तिला मोकळा श्वास आल्यासारखं झालं.

त्या मुलांत एक भिंगरी होती. तीन वर्षांची, एका जागी ठरत नसे म्हणून भिंगरी. तिला मागे दोनदा झटके आले होते, तेव्हापासून दुपारी जेवण झालं की तिला अर्धी गोळी चुरून द्यायची असे. मावशी ती देई आणि चिठ्ठीत लिही, औषध दिले. गोळी हा शब्द तिच्याजवळ नव्हताच. पण त्या सकाळी भिंगरीची आई एक बाटलीही देऊन गेली होती.

"गोळी नेहमीची, जेवल्यावर. हे पातळ औषध खोकल्याचं. खोकला असला तरच द्या, नाही तर राहू दे. आज तिचे बाबा येतील न्यायला, माझी दुसरी शिफ्ट आहे."

दुपारी मावशीने गोळी दिली. खोकला नव्हता, बाटलीला हात लावला नाही. चिठ्ठी लिहिताना ती औषध या शब्दापाशी अडली. कुठलं औषध ते सांगायला हवं होतं. गोळी लिहिता येत नव्हतं. पातळ दिले नाही असं लिहावं, तर पातळमध्येही तोच. पडद्यावर रेघ लुकलुकत राहिली. नेहमीचे, खोकल्याचे असं काही वळण घेऊन लिहायचं तिला दुपारच्या त्या गडबडीत सुचलं नाही. बापाला तोंडीच सांगू, असं तिने मनाशी ठरवलं आणि नेहमीसारखं लिहून टाकलं. 'लेकरू पोटभर जेवले. औषध दिले. खोकला नाही. चिंता नसावी.'

बाप आला तेव्हा नेमकी कोणाला तरी उलटी झाली. मावशी फरशी पुसत होती. त्याने टेबलावरची चिठ्ठी उचलली, पोरीला उचललं, आणि तो गेला.

शनिवारी सकाळी भिंगरीला आई घेऊन आली, खांद्यावर टाकून. एरवी ही पोर दारातूनच उडी मारायची. आज तिचे हात आईच्या पाठीवर ओल्या कपड्यासारखे लोंबत होते.

"रात्री डॉक्टरांकडे नेलं होतं," आई म्हणाली. "घाबरू नका म्हणाले, झोपू द्या. मधून मधून हलवून पाणी पाजा, आजची गोळी देऊ नका. दुपारपर्यंत अंमल उतरेल म्हणाले. मला रजा नाही मिळाली, मावशी. नाही तर आणली नसती."

"पण झालं काय?"

आईने चिठ्ठी काढली. घडीवर घडी पडून ती चुरगळली होती. "औषध दिले लिहिलंय तुम्ही. पुढे लिहिलंय खोकला नाही. मला वाटलं पातळ औषध दिलंत, त्याने खोकला थांबला. म्हणजे गोळी राहिली. इथे फोन केला तर नुसताच वाजत राहिला. मग दिली मी गोळी." तिने चिठ्ठी मावशीपुढे धरली. "तुम्ही काय दिलं होतं?"

"गोळी."

"मग गोळी असं का नाही लिहिलंत?"

आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मावशीला सोपं गेलं असतं. रात्र जागून काढलेल्या माणसाला खरोखरच कळत नसावं आणि त्याने विचारावं, तसं ती विचारत होती.

"चुकलं माझं," मावशी म्हणाली.

आईने पोरीला तिच्या खांद्यावर दिलं, पोरीचा पाय उगाच एकदा हातात धरला आणि कामावर गेली.

मावशीने भिंगरीचा पाळणा ओढून टेबलाशी आणला, येता जाता दिसावा म्हणून. नाकाखाली बोट धरलं. श्वास येत होता, गरम आणि लांब. तिने एकाचं नाक पुसलं, परत येऊन बोट धरलं. दुसऱ्याची चड्डी बदलली, परत बोट धरलं. हलवून पाणी पाजलं, तेव्हा भिंगरीने अर्धे डोळे उघडले, दोन घोट घेतले आणि पुन्हा मान टाकली.

"सारखं बोट धरून श्वास वाढत नसतो, मावशी," बाई म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, दुपटं घडी घालत, "सुनेच्या फोनमध्ये हे सगळं वेगवेगळं येतं म्हणे. गोळीची खूण वेगळी, पातळ औषधाची वेगळी."

मावशीने भिंगरीचं पांघरूण सारखं केलं.

रेडिओवाला आला तो हात चोळतच. "चला, जुनीचं बिऱ्हाड लावून टाकू."

"भाऊ," मावशी म्हणाली. बाई आत बाटल्या उकळत होत्या. तरी तिने आवाज खाली आणला. "त्या जुन्या प्रोग्रामात ळ कुठे असतो?"

रेडिओवाल्याने तिच्याकडे पाहिलं. काहीतरी विनोद त्याच्या ओठांपर्यंत आला असावा, पण पाळण्यातल्या पोरीवर धरलेलं तिचं बोट बघून त्याने तो गिळला.

"असेल की," तो म्हणाला. "या जुन्या फाँटांत अर्धी अक्षरं आकड्यांत कोंबलेली असायची. एक बटण धरून चार आकडे मारायचे. आकड्यांचा कागद प्रोग्रामबरोबर यायचा. तो आता कोणाकडे असणार? आणि असला तरी इथे ते आकडे चालायचे नाहीत. उसने पाय ना."

म्हणजे होता. इतकी वर्षं तो आतच कुठेतरी बसलेला होता.

"आणि त्या किडकिडीमध्ये?"

"ल च्याच बटणावर. शिफ्ट धरायचा."

"बस?"

"बस."

"सगळी अक्षरं आहेत तिच्यात? खरं सांगा."

"सगळी. तुम्हाला कधी लागणार नाहीत तीसुद्धा." त्याने स्टूल पुढे ओढलं. "पण मावशी, रडकुंडीला याल. हात जुन्या जागी जात राहतो. महिना जाईल, दोन जातील. आज संध्याकाळच्या चिठ्ठ्या तर विसराच."

मावशीने भिंगरीच्या नाकाखालचं बोट काढलं. कीबोर्ड उचलून उलटा केला, दोनदा आपटला. बिस्किटांचा चुरा पडला. मग सुलटा करून तिने क वरची चिकटपट्टी नखाने खरवडायला घेतली. तीच सगळ्यांत घट्ट बसली होती. कडेने उचकटली, मधेच फाटली, पण ती खरवडत राहिली. क नंतर म, म नंतर काना. पट्ट्यांचे तुकडे तिने टेबलाच्या कडेला चिकटवून ठेवले.

"अहो, बाईंना तर विचारा."

"तुम्ही बसवा," ती म्हणाली.

त्याने बसवायला घेतली. थोड्या वेळाने पडद्यावर एक चौकोन आला. "आता जुनं सगळं पुसलं जाईल, असं विचारतोय हा. हो म्हणू?"

मावशीने एकदा भिंगरीकडे पाहिलं. "म्हणा."

पडद्यावर एक पट्टी मुंगीच्या पायाने सरकू लागली. पंखा घरघरत होता. बाकीची मुलं जेवून आडवी झाली. मावशी पाळण्याच्या कठड्याला धरून उभी होती, एकदा पट्टीकडे बघत, एकदा पोरीच्या छातीकडे. तिला वाटायला लागलं, की ही पट्टी अडकली तर तीही उठणार नाही. असलं काही नसतं हे तिला कळत होतं, तरी पट्टी थांबली की ती श्वास धरायची.

पट्टी अर्ध्यावर असतानाच भिंगरीने कूस वळवली. डोळे चोळले. मावशीने पुढे केलेली पाण्याची वाटी हाताने ढकलली.

"पाणी नको," ती म्हणाली. "दूध."

मावशी मटकन खाली बसली, तिथेच फरशीवर. रेडिओवाल्याने हाक मारून बाईंना दूध आणायला सांगितलं, कारण मावशीच्याने उठवेना.

दुपार कलली तेव्हा किडकिडीचं बिऱ्हाड लागलं होतं. रेडिओवाल्याने नव्या पट्ट्या कापून त्यांवर मार्करने अक्षरं काढून दिली, कोंबडीच्या पायांची का होईना. मावशी बसली. भिंगरीतला भ सापडेपर्यंत बरंच झालं. पहिली वेलांटी नेहमीसारखी आधी दाबली, तर ती एकटीच लटकत राहिली. पुसलं. अक्षर आधी, वेलांटी नंतर. बोटं आपल्या जुन्या पत्त्यांवर जाऊन दारं वाजवायची आणि आतून परकी माणसं बाहेर यायची.

बाई मागे येऊन उभ्या राहिल्या. त्या बराच वेळ उभ्या होत्या. मावशीची मान ताठली, पण ती वळली नाही. तिचं बोट ग शोधत हवेत फिरत होतं.

"उजवीकडे," बाई म्हणाल्या. "वरच्या ओळीत."

मावशीने दाबला.

"सोमवारपासून सून फोनवर करेल," बाई म्हणाल्या, आवाज न बदलता. "तुमचा हात बसेपर्यंत. मग बघू."

"औषधाच्या चिठ्ठ्या मी देणार."

"तुम्हाला एका चिठ्ठीला इतका वेळ लागतोय."

"तरी मीच देणार. छापून."

बाईंनी पडद्याकडे पाहिलं, टेबलाच्या कडेला चिकटलेल्या तुकड्यांकडे पाहिलं. "बरं," त्या म्हणाल्या, आणि दारात आलेल्या पहिल्या आईला दिवसभराचं तोंडी सांगायला पुढे गेल्या.

त्या दिवशी एकच चिठ्ठी छापली गेली. भिंगरीची आई आली तेव्हा कागद अजून कोमट होता. पोर तिच्या पायांना येऊन धडकली, नेहमीइतक्या जोराने नाही, पण धडकली. आईने तिला तिथेच घट्ट धरलं, कपाळाला हात लावून पाहिला. मग दिव्याखाली जाऊन चिठ्ठी वाचली. 'भिंगरीला आज गोळी दिली नाही. पातळ औषध दिले नाही. दुपारी उठली. दूध प्याली. थोडा वेळ खेळली.'

"हे कोणी लिहिलं?"

मावशी खाली बसून भिंगरीच्या बुटाची नाडी बांधत होती.

"मावशी, मी बाईंकडे काहीच बोलले नव्हते हो," आई म्हणाली. "तुमच्याकडून चिठ्ठ्या काढून घ्या असं मला नव्हतं म्हणायचं. रात्रभर घाबरले होते, म्हणून सकाळी तसं विचारलं गेलं."

मावशीने बांधलेली नाडी सोडली आणि परत बांधली.

"नवीन आहे ती," ती म्हणाली. "हळू लिहिते."

आईने चिठ्ठी पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत वाचली, सावकाश घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली.

"तुमच्यासारखं नाही लिहीत," ती म्हणाली. "पण कळतं. सांगा तिला."

"सांगते," मावशी म्हणाली.